पूर्णत्वाचे चिनी वाक्प्रचार: इंग्रजी अर्थाच्या पलीकडे जाऊन ते कसे शिकावेत

चिनी भाषेत 'छंग-यू' नावाचा वाक्प्रचारांचा एक मोठा साठा आहे. बहुधा चार अक्षरांचा, जुन्या ग्रंथातून किंवा कथेतून आलेला आणि शब्दांची अदलाबदल सहन न करणारा असा हा वाक्प्रचार बोलण्यात आणि लिहिण्यात जसाच्या तसा येतो. यांतले बरेच 'अखंड', 'संपूर्ण', 'निर्दोष' या कल्पनांभोवती फिरतात. मराठी विद्यार्थ्याची अडचण नेमकी तिथेच सुरू होते, कारण मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, शिकताना आपल्या हाताशी असतो तो चिनी-इंग्रजी कोश, आणि त्या कोशात पाच-सहा वेगवेगळ्या छंग-यूंसमोर 'परफेक्ट', 'फ्लॉलेस', 'इंटॅक्ट' हेच शब्द आलटून पालटून दिलेले असतात. तेवढ्यावर विसंबून वाक्य केले, तर उसने घेतलेले पुस्तक परत करताना वापरायचा वाक्प्रचार लग्नाच्या शुभेच्छापत्रात जाऊन बसतो.

इंग्रजी अर्थ टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. तो पहिली पायरी म्हणून उपयोगी आहे, पण त्या पायरीवर थांबू नये. प्रत्येक छंग-यूला चार प्रश्न विचारावेत. अखंड राहिलेली किंवा राहावी अशी वस्तू कोणती? तिला धोका कशाचा होता? हे शब्द कोण, कोणाबद्दल बोलते? आणि त्यात कौतुक आहे की टीका? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, की कोशातला इंग्रजी शब्द कितपत खरा आहे ते आपोआप कळते.

आधी वही तयार करावी

उच्चार वहीत देवनागरीतच लिहावेत असा माझा आग्रह आहे, आणि त्याला भावनिक नव्हे तर व्यावहारिक कारण आहे. चिनी भाषेत अल्पप्राण आणि महाप्राण यांचा भेद अर्थ बदलतो, आणि तो भेद आपल्या लिपीत जन्मजात आहे. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पिनयिन या पद्धतीत जे अक्षर 'ब' वाटते ते खरे तर 'प' असते आणि जे 'प' वाटते ते 'फ' असते. 'द' दिसतो तिथे 'त', 'ग' दिसतो तिथे 'क'. रोमन अक्षरे वाचून 'बी' म्हणणारा विद्यार्थी पुढे महिनोन् महिने 'बी'च म्हणत राहतो. देवनागरीत सुरुवातीपासून 'पी' लिहिले, तर तो प्रश्नच येत नाही.

मराठी माणसाला आणखी एक सोय आहे. 'चमचा' मधला च आणि 'चहा' मधला च हे दोन्ही चिनी भाषेत स्वतंत्रपणे येतात. पहिल्यासाठी वहीत च़ असा खाली टिंब दिलेला च लिहावा, म्हणजे घोटाळा होणार नाही. 'फळा'तला फ हा महाप्राण प आणि ओठ दातांना लागून येणारा फ़ हे दोनही असेच वेगळे लिहावेत. जीभ मागे वळवून म्हणायचा जो तिसरा च चिनी भाषेत आहे, त्याला मराठीत जोड नाही. तो शिक्षकाच्या तोंडूनच ऐकून घ्यावा. चारही सूर अक्षरापुढे १, २, ३, ४ असे आकडे देऊन लिहावेत: पहिला सपाट आणि उंच, दुसरा चढता, तिसरा खाली उतरून वर येणारा आणि चौथा झटक्यात पडणारा. या लेखात मी हीच पद्धत ठेवली आहे. व्यक्तींची आणि राज्यांची नावे मात्र सुरांच्या आकड्यांशिवाय दिली आहेत.

उच्चारानंतर पूर्णत्वाची मोजकी अक्षरे ओळखीची करून घ्यावीत. 'छ्युएन२' म्हणजे सगळे, संपूर्ण, आणि क्रियापद म्हणून आले तर 'सुरक्षित राखणे'. 'युएन२' म्हणजे गोल, म्हणून पूर्ण. 'मान३' म्हणजे काठोकाठ भरलेले. 'छ्युए१' म्हणजे उणीव, टवका, आणि त्याच्याआधी 'ऊ२' म्हणजे 'नाही' लागले की 'उणीव नसलेले' असा अर्थ होतो. 'वान२' या अक्षराकडे विशेष लक्ष द्यावे. आजच्या बोलीत त्याचा अर्थ 'संपणे' असा आहे, जेवण संपले, काम संपले या अर्थी ते रोज ऐकू येते. छंग-यूमध्ये मात्र त्याचा जुना अर्थ टिकून आहे, तो म्हणजे 'धक्का न लागलेले'. 'सोने शंभर टक्के शुद्ध नसते, माणूस पूर्ण निर्दोष नसतो' या अर्थाच्या 'चिन१ ऊ२ च़ू२ छ४, रन२ ऊ२ वान२ रन२' या म्हणीतला 'वान२ रन२' हा संपलेला माणूस नव्हे, निर्दोष माणूस होय.

एक वाक्प्रचार नीट उलगडून पाहू: वान२ पी४ क्वेइ१ चाव४

शब्दशः अर्थ 'अखंड पी चाव राज्याला परत'. 'पी' म्हणजे मध्यभागी भोक असलेली, हिरवट जेड दगडाची सपाट चकती. कोशातला इंग्रजी अर्थ 'वस्तू मूळ मालकाला सुस्थितीत परत करणे' असा असतो, आणि तो बरोबरही आहे. पण तो वाचून वाक्प्रचाराचे वजन समजत नाही. ते समजण्यासाठी इसवी सनपूर्व २८३ मधल्या प्रसंगाकडे जावे लागते, जो सिमा छ्येन या इतिहासकाराने 'षची' या ग्रंथात सविस्तर सांगितला आहे.

चाव राज्याच्या राजाकडे एक अतिशय प्रसिद्ध जेड चकती होती. शेजारच्या बलाढ्य छिन राज्याच्या राजाने तिच्या बदल्यात १५ नगरे देऊ केली. चकती द्यावी तर नगरे मिळतील याचा भरवसा नाही, न द्यावी तर सैन्य चालून येण्याची भीती. अशा पेचात एका दरबारी अधिकाऱ्याच्या आश्रयाला असलेला लिन श्यांगरू पुढे झाला आणि म्हणाला, की नगरे हाती आली तर चकती छिनमध्ये राहील, नाही आली तर मी ती अखंड चावला परत आणीन. छिनच्या दरबारात राजाने चकती हातात घेतली, राण्यांना दाखवली, सेवकांना दाखवली, सगळ्यांनी जयजयकार केला, पण नगरांचा विषय कोणी काढेना. तेव्हा लिन म्हणाला, 'या चकतीत एक बारीकसा दोष आहे, तो मी महाराजांना दाखवतो.' चकती हाती येताच तो मागे सरून एका खांबाला टेकून उभा राहिला आणि त्याने बजावले, की बळजबरी केलीत तर या खांबावर माझे डोके आणि ही चकती दोन्ही एकदमच फुटतील. राजाने घाईघाईने नकाशा मागवून १५ नगरे बोटाने दाखवली, पण त्यात मनापासून काही नाही हे लिनने ओळखले. आधी राजाने ५ दिवस व्रतस्थ राहावे अशी अट त्याने घातली, आणि त्या मुदतीत आपल्या माणसाला जाड्याभरड्या कपड्यांत, चकती अंगाशी लपवून, आडवाटेने चावला रवाना केले.

आता चार प्रश्न लावून पाहावेत. अखंड राहिलेली वस्तू आहे दुसऱ्याची, आपल्यावर विश्वासाने सोपवलेली. धोका आहे तो ती परत न मिळण्याचा किंवा फुटण्याचा. बोलणारा बहुधा ती वस्तू परत करणारा किंवा परत मिळाल्याने सुखावलेला मालक. भाव जबाबदारी पार पाडल्याचा. म्हणून मित्राचा कॅमेरा सहलीहून परत देताना हा वाक्प्रचार शोभतो, परदेशातून मायदेशी परतलेल्या मूर्तीबद्दल वर्तमानपत्रात शोभतो. पण दुकानातून नवी, न फुटलेली बरणी घरी आली, तर तिथे तो चालत नाही, कारण तिथे परत देणे नाही. बरणीसाठी 'वान२ हाव३ ऊ२ सुन३', म्हणजे 'धडधाकट, इजा न झालेले', हा साधा वाक्प्रचार आहे. इंग्रजीत दोन्हींपुढे 'इंटॅक्ट' हा एकच शब्द दिसेल.

वहीच्या एका पानावर हे सगळे असे मांडावे: वर चिनी अक्षरे, खाली देवनागरी उच्चार, मग शब्दशः मराठी, मग चार-पाच ओळींत कथा, मग 'कोण कोणाला म्हणते' हा एक रकाना, आणि शेवटी 'इथे चालत नाही' हा रकाना. माझ्या मते हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे, आणि छापील कोशात तोच नसतो. चिनी अक्षरे लिहिताना या वाक्प्रचारात एक खोडही आहे. 'पी' म्हणजे जेड चकती आणि 'पी' म्हणजे भिंत या दोन अक्षरांचा उच्चार आणि सूर एकच, वरचा भागही सारखाच. चकतीच्या तळाशी जेडचे चिन्ह असते, भिंतीच्या तळाशी मातीचे. माती लिहिली तर लिनने अख्खी भिंत परत आणली असे होईल. चिनी मुलांच्या शुद्धलेखनातही ही चूक वारंवार दिसते.

'परफेक्ट'च्या तीन छटा

आता ज्या तिघांपुढे कोश 'परफेक्ट' लिहितो ते एकत्र घ्यावेत.

'ष२ छ्युएन२ ष२ मेइ३' म्हणजे 'दहापैकी दहा पूर्ण, दहापैकी दहा सुंदर'. यातला 'दहापैकी दहा' हा भाग फार जुना आहे. 'चोउ ली' या प्राचीन ग्रंथात राजवैद्यांच्या वार्षिक तपासणीचा नियम दिला आहे: ज्याच्या हाताने दहापैकी दहा बरोबर उतरले तो पहिल्या प्रतीचा, एक चुकला तो त्याखालचा, दोन, तीन असे उतरत जाऊन चार चुकले तो शेवटच्या प्रतीचा, आणि त्यानुसार त्यांचे वेतन ठरे. पुढे छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्यातल्या सम्राट छ्येनलोंग याने आपल्या दहा लष्करी मोहिमांचा अभिमान मिरवत १७९२ मध्ये स्वतःला 'दहा पूर्णतांचा वृद्ध' म्हणवून घेतले. त्या दहांत नेपाळच्या गुरख्यांविरुद्धच्या दोन मोहिमा मोजल्या होत्या. म्हणजे हे पूर्णत्व मोजण्याचे आहे, बाब बाब तपासून गुण देण्याचे आहे. आणि म्हणूनच आजच्या चिनी बोलण्यात हा वाक्प्रचार बहुधा नकारासह येतो: 'ष४ च्ये४ षांग४ मेइ२ योउ३ ष२ छ्युएन२ ष२ मेइ३ त रन२', जगात सर्वगुणसंपन्न माणूस नसतो. मराठीत 'सर्वगुणसंपन्न' हा शब्द त्याच्या फार जवळ जातो, 'परफेक्ट'पेक्षा नक्कीच जवळ. हे वाक्य पाठ करावे, कारण शेवटच्या 'रन२'च्या जागी वस्तू, योजना, नाते असे काहीही घालून ते रोज वापरता येते.

'थ्येन१ यी१ ऊ२ फ़ंग४', 'स्वर्गीय वस्त्राला शिवण नसते', हे वेगळ्या जातीचे पूर्णत्व आहे. १० व्या शतकात संकलित झालेल्या 'थायफिंग क्वांग ची' या कथासंग्रहात क्वो हान नावाच्या तरुणाची कथा आहे. उन्हाळ्याच्या चांदण्या रात्री तो अंगणात पडला असताना आकाशातली विणकर कन्या खाली उतरते. तिच्या वस्त्राला कुठेच शिवण दिसत नाही म्हणून तो विचारतो, तेव्हा ती सांगते, की स्वर्गातली वस्त्रे मुळात सुईदोऱ्याने केलेलीच नसतात. इथे गुण मोजायचे नाहीत, सांधा दिसतो का ते पाहायचे आहे. म्हणून हा वाक्प्रचार जुळवाजुळव जिथे असते तिथे येतो: दोन खेळाडूंचा ताळमेळ, कथानकाची रचना, आणि हो, बेमालूम रचलेली थापसुद्धा. एखाद्याची सबब 'थ्येन१ यी१ ऊ२ फ़ंग४' होती असे म्हटले, तर त्यात त्याच्या चारित्र्याचे कौतुक अजिबात नाही. इंग्रजी 'सीमलेस' आणि मराठी 'बेमालूम' हे दोन्ही इथे चपखल बसतात.

तिसरा 'वान२ मेइ३ ऊ२ छ्युए१', 'निर्दोष आणि उणीव नसलेले'. त्यामागे कथा नाही, अडचण नाही, आणि जिथे दुसरे काही सुचत नाही तिथे तो चालून जातो.

गोल, म्हणून पूर्ण

चिनी मनात गोलाई आणि कुटुंबाचे एकत्र असणे यांची सांगड पक्की आहे. मध्य शरद उत्सवात घरातली माणसे पौर्णिमेच्या चंद्राखाली एकत्र येतात आणि गोल मूनकेक वाटून खातात. 'ह्वा१ हाव३ युए४ युएन२', 'फुले बहरलेली, चंद्र पूर्ण', ही नवविवाहितांसाठीची शुभेच्छा आहे. ती पत्रिकेवर, भिंतीवर, भेटवस्तूवर दिसते आणि ती तिथेच ठेवावी. कंपनीच्या वार्षिक अहवालात ती लिहू नये.

'फो४ चिंग४ छोंग२ युएन२', 'फुटलेला आरसा पुन्हा गोल झाला', हा मात्र जपून वापरायचा वाक्प्रचार आहे. ५८९ मध्ये स्वी घराण्याच्या सैन्याने दक्षिणेतले छन राज्य बुडवले. त्या गोंधळात ताटातूट होणार हे ओळखून राजकन्या लछांग आणि तिचा पती श्यू तयेन यांनी आरसा मोडून त्याचे दोन भाग केले, आणि पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला राजधानीच्या बाजारात आपापला तुकडा घेऊन शोध घ्यायचा असे ठरवले. त्या काळचा आरसा काशाचा आणि गोल असे, हे लक्षात ठेवावे. राजकन्या विजयी सेनापती यांग सू याच्या घरी गेली. श्यू हालअपेष्टा सोसत राजधानीला पोहोचला, तेव्हा बाजारात एक म्हातारा सेवक अर्धाच आरसा भलत्याच मोठ्या किमतीला विकायला बसला होता आणि लोक त्याला हसत होते. श्यूने आपला तुकडा जुळवून पाहिला आणि त्यावर चार ओळींची कविता लिहून पाठवली. ती वाचून राजकन्येने अन्नपाणी सोडले. कारण कळल्यावर यांग सूने तिला सन्मानाने पतीकडे परत पाठवले. कोशातला 'रीयुनियन' हा शब्द वाचून शाळासोबत्यांच्या स्नेहमेळाव्याला हे चार शब्द लावले, तर ऐकणारे चमकून पाहतील, कारण ते दुरावलेल्या पतिपत्नींसाठी किंवा प्रेमिकांसाठीच राखलेले आहेत. स्नेहमेळाव्यासाठी 'थ्वान२ युएन२' हा नेहमीचा शब्दही जरा जास्तच कौटुंबिक आहे. तिथे 'च्यू४ ह्वेइ४', म्हणजे एकत्र जमणे, एवढे पुरे.

'चिन१ ओउ१ ऊ२ छ्युए१', 'सोन्याच्या वाडग्याला टवका नाही', हा राष्ट्राच्या भूमीविषयी बोलण्याचा वाक्प्रचार आहे. ल्यांग घराण्याचा सम्राट वू म्हणाला होता, की माझे राज्य सोन्याच्या वाडग्यासारखे आहे, त्याला एकही टवका गेलेला नाही. प्रश्न होता उत्तरेकडून शरण येऊ पाहणाऱ्या होउ चिंग या सेनापतीला आश्रय द्यावा की नाही. मन कचरत असूनही सम्राटाने आश्रय दिला. ५४८ मध्ये त्याच होउ चिंगने बंड केले, राजधानी वेढली, आणि ५४९ मध्ये सम्राट त्याच्या ताब्यात असतानाच मरण पावला. पुढे छिंग राजवटीने ऑक्टोबर १९११ मध्ये आपल्या राष्ट्रगीतासाठी हाच सोन्याचा वाडगा निवडला, आणि ६ दिवसांत वूछांग शहरात तिच्याविरुद्ध क्रांतीचा भडका उडाला. हा वाक्प्रचार इतका राजकीय आणि इतका भारदस्त आहे, की विद्यार्थ्याने तो वाचताना ओळखावा. स्वतः वापरण्याची वेळ सहसा येत नाही.

जिथे पूर्णत्व ही स्तुती नसते

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण 'अखंड ते चांगले, खंडित ते वाईट' असे गृहीत धरून चालणारा विद्यार्थी इथे हमखास घसरतो.

'मू४ ऊ२ छ्युएन२ न्योउ२' घ्यावा. शब्दशः 'डोळ्यांपुढे संपूर्ण बैल नाही'. पहिल्या नजरेत वाटते, की समग्र दृष्टी नसलेल्या माणसावरची ही टीका असावी. प्रत्यक्षात ही कौशल्याची पराकाष्ठा आहे. 'च्वांग च़' या ताओ ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात तिंग नावाचा आचारी राजा वेनह्वेइसमोर बैल कापून त्याचे मांस वेगळे करतो आणि सुरीचा आवाज नृत्याच्या तालासारखा लागतो. राजाने विचारल्यावर तो सांगतो, की सुरुवातीला मला समोर नुसता बैलच दिसे, तीन वर्षांनंतर मला अख्खा बैल दिसेनासा झाला. त्याला दिसू लागल्या त्या सांध्यांमधल्या फटी. साधा आचारी दर महिन्याला सुरी बदलतो कारण तो हाडावर घाव घालतो, चांगला आचारी वर्षाला बदलतो कारण तो मांस कापतो, आणि तिंगची सुरी १९ वर्षे, हजारो बैल कापूनही, नुकती परजल्यासारखी आहे. म्हणून एखादी शल्यविशारद किंवा घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर यांच्याबद्दल हा वाक्प्रचार बोलतात. ज्याला नुसताच एक भाग दिसतो त्याच्यासाठी वेगळा वाक्प्रचार आहे, तो पुढे येतो.

'हू२ लुन२ थुन१ च़ाव३', 'बोर अख्खेच गिळणे', याच्या उलट आहे. इथे अख्खेपणा हा दोष. चिनी च़ाव३ हे फळ आपल्या बोरीच्या कुळातले आहे, तेव्हा मराठीत बोर म्हणणे अयोग्य नाही. एका जुन्या कथेत कोणी सांगतो, की नासपतीने दात चांगले राहतात पण प्लीहेला अपाय होतो, बोराने प्लीहा चांगली राहते पण दातांना अपाय होतो. त्यावर एक मंदबुद्धी गृहस्थ तोडगा काढतो: नासपती नुसती चावीन, गिळणार नाही, आणि बोर नुसते गिळीन, चावणार नाही. आज हा वाक्प्रचार समजून न घेता वाचणाऱ्याला, पाठांतर करणाऱ्याला लावतात. घोकंपट्टीवर बोलणाऱ्या शिक्षकांच्या तोंडी तो नेहमी असतो.

'छ्युएन२' हे अक्षर क्रियापदासारखे येते तेव्हा प्रश्न नीतीचा होतो. 'वेइ३ छ्यू१ छ्योउ२ छ्युएन२' म्हणजे स्वतः वाकून, नमते घेऊन संपूर्णाचे रक्षण करणे. घर मोडू नये म्हणून गप्प राहणारी सून, संस्था टिकावी म्हणून अपमान गिळणारा सचिव, यांच्याबद्दल हे बोलले जाते, आणि त्यात आदर आहे की हळहळ हे प्रसंगावर ठरते. याच्या समोर उभा राहतो तो 'निंग४ वेइ२ यू४ स्वेइ४, पू४ वेइ२ वा३ छ्युएन२': कौल होऊन अखंड राहण्यापेक्षा जेड होऊन फुटणे बरे. ५५९ मध्ये उत्तर छी घराण्याच्या सम्राटाने आधीच्या राजघराण्यातल्या युएन आडनावाच्या लोकांची कत्तल मांडली. जीव वाचवण्यासाठी आडनाव बदलून घ्यावे असे एका नातेवाइकाने सुचवले, तेव्हा युएन चिंगहाव याने हे उत्तर दिले. त्याच नातेवाइकाने ते सम्राटाच्या कानावर घातले आणि चिंगहावचा वध झाला. 'मोडेन पण वाकणार नाही' हे मराठी वाक्य त्याच्या शेजारी लिहावे. कोशातले लांबलचक इंग्रजी स्पष्टीकरण मग लागत नाही.

'छ्योउ२ छ्युएन२ च़२ पेइ४', म्हणजे दुसऱ्याकडून सर्वांगपरिपूर्णतेची मागणी करून त्याला दोष देत बसणे, हाही टीकेचाच शब्द. 'एकाच माणसात सगळे शोधू नये' हे कन्फ्यूशियसच्या 'लुन-यू'मधले वचन त्याच्या मुळाशी आहे. 'म्येन४ म्येन४ च्यू४ ताव४', 'प्रत्येक बाजूला पोहोचलेले', हा पाहुणचाराबद्दल कौतुकाने येतो, पण निबंधाबद्दल आला तर लेखकाने सगळ्याला हात लावला आणि कशातच खोल गेला नाही असा अर्थ निघतो. तेव्हा परीक्षकाने उत्तरपत्रिकेवर हा शेरा लिहिला, तर खूश होण्याआधी पुढचे वाक्य वाचावे.

भाग आणि संपूर्ण

भागालाच संपूर्ण समजण्याच्या चुकीसाठी कोरडा शब्द 'यी३ फ्येन१ काइ४ छ्युएन२', म्हणजे एका बाजूवरून सगळ्याचा निष्कर्ष काढणे. वादविवादात तो फार उपयोगी पडतो. पण 'मांग२ रन२ मो१ श्यांग४', 'आंधळे हत्ती चाचपतात', हा वाक्प्रचार आपल्याला शिकावाच लागत नाही, तो आपल्याच भूमीतून तिकडे गेला आहे. भारतातून गेलेल्या धर्मक्षेम या भिक्षूने ४२१ च्या सुमारास आजच्या कान्सू प्रांतात महापरिनिर्वाण सूत्राचे चिनी भाषांतर केले, त्यात ही कथा आहे. तिथले आंधळे हत्तीला कशाकशाची उपमा देतात ते वाचताना मराठी वाचकाला घरातल्या वस्तू दिसतात: सुळा मुळ्यासारखा, कान सुपासारखा, डोके दगडासारखे, सोंड मुसळासारखी, पाय लाकडी उखळासारखा, पाठ खाटेसारखी, पोट रांजणासारखे आणि शेपूट दोरासारखे. बौद्ध वाटेने गेलेला आणखी एक शब्द 'कोंग१ त२ युएन२ मान३'. त्यातला 'कोंग१ त२' हा चिनी बौद्ध ग्रंथांत पुण्य आणि गुण या संस्कृत शब्दांसाठी आला आहे. पुण्यकर्म पूर्णत्वाला गेले असा मूळ भाव, आणि आज एखादे दीर्घ काम सुखरूप तडीस गेले की तो बोलतात.

सराव कसा करावा

एका आठवड्यात तीन-चारपेक्षा जास्त छंग-यू घेऊ नयेत, आणि घेताना जोडीने घ्यावेत: जेड फोडणारा आणि वाकून वाचवणारा, अख्खा बैल न दिसणारा आणि हत्ती चाचपणारा. विरोधामुळे सीमा लक्षात राहते. अर्थ समजल्यावर चिनी वृत्तसंस्थांच्या संकेतस्थळांवर तो वाक्प्रचार शोधून निदान दहा वाक्ये वाचावीत आणि तीन गोष्टी टिपाव्यात: कर्ता माणूस आहे की वस्तू, वाक्यात नकार आहे का, आणि वाक्प्रचार कोणत्या जागी बसतो. ही जागा फार महत्त्वाची आहे. 'ष२ छ्युएन२ ष२ मेइ३' पुढे 'त' लावून नामाआधी सहज येतो. 'थ्येन१ यी१ ऊ२ फ़ंग४' क्रियापदानंतर येतो: ताळमेळ असा जमला, की शिवण दिसेना. 'थी३ ऊ२ वान२ फ़ू१', 'अंगावर धड कातडी उरली नाही', हाही तसाच क्रियापदानंतर येतो, मार खाल्ल्यावर किंवा एखाद्याच्या युक्तिवादाच्या चिंधड्या उडवल्यावर. 'वान२ पी४ क्वेइ१ चाव४' मात्र स्वतःच क्रियापदाचे काम करतो, त्यामुळे त्याच्या पुढे 'परत करणे' हे क्रियापद पुन्हा जोडले, तर 'पिवळे पीतांबर' होते.

बोलताना हात आखडता घ्यावा. चिनी माणसे गप्पांमध्ये छंग-यू वापरतात, पण ओळीने तीन वापरले की बोलणे भाषणासारखे वाटू लागते. सुरुवातीला रोजच्या संभाषणासाठी 'ष२ छ्युएन२ ष२ मेइ३' नकारासह, 'वान२ हाव३ ऊ२ सुन३' पार्सल मिळाल्यावर, आणि 'ल्यांग३ छ्युएन२ छी२ मेइ३', म्हणजे दोन्ही बाजूंचे भले होईल असा मार्ग, एवढे तीन पुरेत. लहान घरात पहिल्यांदा पाहुणे म्हणून गेल्यास 'मा२ छ्युए४ स्वेइ१ श्याव३, ऊ३ च़ांग४ च्यू४ छ्युएन२', चिमणी लहान असली तरी तिचे पाचही अवयव पूर्ण असतात, ही म्हण मनात येईल. पण ती यजमानाने स्वतःच्या घराबद्दल म्हणावी, पाहुण्याने म्हटल्यास घर लहान आहे हे आधी ऐकू जाते. बाकीचे सगळे वाक्प्रचार आधी वाचनात ओळखू यावेत, मग लेखनात यावेत. लेखनात आलेले प्रत्येक वाक्य मातृभाषा चिनी असलेल्या एखाद्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे, आणि विचारताना 'हे बरोबर आहे का' असे न विचारता 'हे तुम्ही कोणाला म्हणाल' असे विचारावे. उत्तर आले, की ते त्याच पानावरच्या 'कोण कोणाला म्हणते' या रकान्यात तारखेसह लिहून ठेवावे.